बसून राहिली, येऊन राहिली

आमच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये ऐकण्याचा सराव सुरू झाला की कूलर बंद करावा लागतो. नवतप्यात नागपुरात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मानेवाड्यातल्या आमच्या घराची वरची खोली स्लॅबची आहे, आणि दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सहाला सगळी उष्णता खाली सोडतो. पण कूलर सुरू असला तर फोनमधली इंग्रज बाई काय बोलते त्यातलं एक अक्षर कळत नाही. म्हणून चार मिनिटं कूलर बंद. आठ बायका आणि एक काका पदरानं, वहीनं, हाताला लागेल त्यानं वारा घेत फोनकडे कान लावून बसतात. चार मिनिटं झाली की कुणीतरी धावत जाऊन बटण दाबतं आणि मगच उत्तरं.

मी एका मराठी शाळेत 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. मी लागले तेव्हा पोरांना इंग्रजी पाचवीपासून असायचं, 2000 सालापासून ते पहिलीपासून आलं. 2018 मध्ये निवृत्त झाले आणि ठरवलं होतं की आता कुणालाही टेन्स शिकवायचा नाही. ते वर्षभरच टिकलं. शेजारच्या वानखेडे वहिनी एक दिवस सुनेला घेऊन आल्या. सून मौद्याची, लग्नाला सहा महिने झालेले, नवरा ब्रिटनमध्ये लेस्टरला. (या गावाच्या स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं बोलायचीच नसतात. पहिल्या दिवशी तिनं ते 'लायसेस्टर' वाचलं, आणि खरं सांगते, मीही तसंच वाचत आले होते.) तिला नवऱ्याकडे जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा. हा ब्रिटनचा नियम 29 नोव्हेंबर 2010 पासूनचा: जोडीदाराच्या व्हिसावर यायचं असेल तर निदान ए1 पातळीचं इंग्रजी येतं हे दाखवायचं.

मी म्हटलं, ए1 म्हणजे सगळ्यात खालची पायरी, महिन्याभरात करून घेऊ. मग त्या परीक्षेची माहिती वाचली आणि थोडी गप्पच झाले. 'आयेल्ट्स' या इंग्रजीच्या परीक्षांमधली 'लाइफ स्किल्स' नावाची ही परीक्षा 16 ते 18 मिनिटांची. वाचन नाही, लेखन नाही. फक्त ऐकायचं आणि बोलायचं. मार्क नाहीत, पास किंवा नापास एवढंच. परीक्षक समोर बसलेला, आणि शेजारी आणखी एक परीक्षार्थी, ओळख ना पाळख. परीक्षकाशी तर बोलायचंच, पण त्या दुसऱ्याशीही बोलायचं, त्याला विचारायचं, त्याचं ऐकायचं.

31 वर्षांत मी पोरांकडून ज्या दोन गोष्टी करून घेतल्या त्या तिथं नव्हत्या. ज्या दोन होत्या त्या मी कधी शिकवल्या नव्हत्या. आमच्या वर्गात बोलायची मी आणि ऐकायची पोरं, तेही मराठीतून.

तरी शिकवलं. जसं येत होतं तसंच. स्वतःबद्दल दहा वाक्यं पाठ, कुटुंबाबद्दल दहा, 'माय डेली रूटीन' वीस. पोरगी हुशार, बारावीला इंग्रजीत 71. विदर्भ एक्सप्रेसनं सासऱ्यांबरोबर मुंबईला गेली, परीक्षा दिली आणि नापास होऊन आली.

माझ्या समोर बसून रडली नाही. चहा पीत सांगितलं. परीक्षकानं विचारलं त्या सगळ्याची उत्तरं दिली. पण जोडीला एक बाप्या होता, पंजाबचा. त्याला प्रश्न विचारायचा होता. "मॅडम, तो आपलं सांगत होता, अन् मी आपली ऐकत होती. काय विचारू? अनोळखी माणसाले काहून विचारू मी, तू कुठं राहतो म्हणून?" मग परीक्षक बाईंनी तिला पुन्हा सांगितलं की याला विचार. तेव्हा तिनं पाठ केलेली स्वतःबद्दलची दहा वाक्यं त्याला म्हणून दाखवली.

यावर मी काय बोलणार! उत्तर द्यायला आपण सगळेच शिकलेलो असतो. प्रश्न विचारायचा तर तास संपल्यावर, तोही 'मॅडम, जाऊ का?' एवढाच.

परीक्षेची फी पुन्हा, गाडीभाडं पुन्हा, लॉज पुन्हा. वानखेडे वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात मी नेटानं प्रेझेंट कंटिन्युअस घेत होते. तोवर क्लासला आणखी तिघी जमल्या होत्या. आमच्याकडे नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. माहेरच्या गावावरून ती उमरेडवाली, ती कामठीवाली. फळ्यावर लिहिलं, 'मी जेवत आहे', आणि पुढं इंग्रजी. उमरेडवालीला काही केल्या 'am' आणि 'ing' एकत्र ठेवता येईना. एकदा 'आय ईटिंग', एकदा 'आय ॲम ईट'. मी दहाव्यांदा समजावून पाणी प्यायला खाली गेले. वर येताना जिन्यात तिचा आवाज ऐकू आला, घरी फोनवर बोलत होती: "अवं, मी मॅडमच्या घरी बसून राहिली. थांब ना, येऊन राहिली आता. तू काय करून राहिली?"

मी जिन्यातच थांबले.

बसून राहिली. येऊन राहिली. करून राहिली. एका दमात तीन प्रेझेंट कंटिन्युअस, आणि त्यातला एक प्रश्न! 'जेवत आहे' हे तिच्या तोंडचं वाक्यच नव्हतं. ते पुस्तकातलं होतं, म्हणजे तिच्यासाठी तीसुद्धा एक परकी भाषाच. ती आधी पुस्तकी मराठीत जात होती आणि तिथून इंग्रजीत. मी तिला विनाकारण दोनदा प्रवास करायला लावत होते.

वर गेले, फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मी जेवून राहिली.' बाया हसायला लागल्या. मॅडमनं असं लिहायचं म्हणजे काय! पण मग दोन रंगांचे खडू घेऊन दाखवलं. 'जेवून' हा एक तुकडा, 'राहिली' हा दुसरा. इंग्रजीतही दोनच तुकडे, एक सोडला की वाक्य लंगडं. 'मी जेवून' असं कुणी म्हणतं का? नाही. मग 'आय ईटिंग' कसं म्हणता? 'मी राहिली जेव' म्हणता का? नाही. मग 'आय ॲम ईट' कुठून आलं? मागे 'होती' जोडा, 'जेवून राहिली होती', की झाला पास्ट कंटिन्युअस. अर्ध्या तासात उमरेडवालीनं घरातल्या सहा माणसांचं कोण काय करून राहिलं ते इंग्रजीत सांगितलं. सासू भाजी निवडून राहिली, दीर क्रिकेट पाहून राहिला, कुत्रा भुंकून राहिला.

आता मला काय वाटलं ते सांगते. बी.एड.नंतर एका प्रशिक्षणासाठी मी पुण्याला गेले होते, 1990 च्या आसपास. मेसमध्ये विचारलं, "ताक भेटेल का?" वाढणारा म्हणाला, "ताई, माणसं भेटतात, ताक मिळतं." टेबलावरच्या सगळ्या हसल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही. परत आल्यावर मी माझी भाषा घासूनपुसून लख्ख केली आणि पुढची पंचवीस वर्षं पोरांची केली. वहीत 'करून राहिलो' दिसलं की लाल गोल. 'भेटलं' दिसलं की लाल गोल. किती वह्यांवर ते गोल मारले असतील, हिशोब नाही.

आणि 'भेटेल का' हे तर त्याहून कामाचं निघालं. मराठीत 'प्लीज' नाही. म्हणजे कृपया आहे, पण ते रेल्वेच्या घोषणेत. आपण विनंती क्रियापदात घालतो, आवाजात घालतो: दे ना, देता का, द्या की. इंग्रजीत तेच शब्दशः गेलं की 'गिव्ह मी वॉटर' होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई हुकूम सोडते आहे. मी 'मे आय' आणि 'वुड यू' पाठ करून घेत होते, ते काही जिभेवर बसत नव्हतं. मग एक दिवस म्हटलं, टपरीवर चहा कसा मागता? सगळ्या एका सुरात, "चहा भेटेल का?" झालं तर. 'कॅन आय गेट अ टी?' तिकीट भेटेल का, सुट्टे भेटतील का, डॉक्टरची वेळ भेटेल का. सगळ्याची तीच किल्ली. 'प्लीज' मागाहून चिकटवायचं, 'ना'सारखं.

ही शिडी प्रत्येक ठिकाणी पुरत नाही, हेही लवकरच कळलं. 'मले समजून नाही राहिलं' याचं इंग्रजी त्या करतात 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. व्याकरणाच्या पुस्तकात हे चूक, मी सुरुवातीला सुधारत होते. आता सोडून दिलंय. त्या घाबरून गप्प बसण्यापेक्षा हे वाक्य मोठ्यानं म्हणाल्या तर जगातला कुठलाही इंग्रज पुन्हा हळू सांगेल. ए1 ला एवढं पुष्कळ झालं.

दुसरी अडचण नवऱ्याची. म्हणजे व्याकरणातल्या नवऱ्याची. "माय हजबंड, दे आर इन लेस्टर." आदरार्थी अनेकवचन! मी म्हटलं, इंग्रजीत नवरा एकवचनी असतो. मौद्याची म्हणाली, "मग त्यायले 'ही' म्हणू? पोट्ट्यासारखं?" तीन आठवडे लागले. कामठीवालीचा नवरा तर अजूनही 'दे' आहे, आणि ऐकणाऱ्याला वाटत असेल हिचे नवरे तरी किती.

अनोळखी माणूस कुठून आणायचा हा प्रश्न आमच्या घरातच सुटला. आमचे हे महावितरणमधून निवृत्त झालेले, तक्रारींचे फोन घेण्यात आयुष्य गेलेलं. त्यांना म्हटलं, खालून फोन करा, तुम्ही दवाखान्यातले रिसेप्शनिस्ट. आधी आढेवेढे घेतले, मग असे रंगले की आवरेना. "स्पेल युवर सरनेम!" असं दरडावून विचारायचे. तिकडे खरंच विचारतात, आणि ब्रिटनमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवण्यापासून सगळीकडे हे असतंच. मौद्याची वरच्या खोलीतून सांगू लागली: "डब्ल्यू फॉर वर्धा, ए फॉर अकोला, एन फॉर नागपूर, के फॉर काटोल, एच फॉर हिंगणा..." पुढं 'ई' ला अडली. विदर्भात ई चं गाव कुठलं? खालून रिसेप्शनिस्ट स्वतःच ओरडले, "एटापल्ली!" खोलीतल्या सगळ्या पोट धरून हसल्या. लेस्टरच्या माणसाला वर्धा माहीत असायचं कारण नाही, म्हणून आम्ही नंतर 'वॉटर, ॲपल' वगैरे साधी यादी केली. पण वानखेडे हे आडनाव फोनवर न अडखळता सांगणं तिला वर्धा-अकोल्यानंच शिकवलं.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. जोडीला या वेळी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना हिनं काय काय विचारलं म्हणे! कुठं राहता, मुलं किती, जेवण कोण करतं. परीक्षक बाईंनीच थांबवलं. मोहल्ल्यात नवीन भाडेकरू आला की आपल्या बाया जे विचारतात तेच, फक्त इंग्रजीत.

लेस्टरला ती आता संध्याकाळच्या इसॉल वर्गाला जाते. इसॉल म्हणजे ज्यांची मातृभाषा दुसरी आहे अशा मोठ्या माणसांसाठीचे इंग्रजीचे वर्ग. ए1 वर भागत नाही. अडीच वर्षांनी व्हिसा वाढवायला ए2, आणि पाच वर्षांनी कायमचं राहायचं तर बी1, शिवाय 'लाइफ इन द यूके' ही 24 प्रश्नांची परीक्षा, 45 मिनिटांत निदान 18 बरोबर. तिच्या आवाजी मेसेजमधून मला तिथलं सगळं कळतं. त्यातला एक मी जपून ठेवलाय. शिक्षिका पहिल्या दिवशी म्हणाल्या, पुढचा वर्ग 'हाफ सिक्स' ला. वर्गात एक पोलंडची बाई आहे, ती एक तास आधीच येऊन दाराशी उभी. त्यांच्या भाषेत 'अर्धा सहा' म्हणजे साडेपाच, सहाकडे जाणारा अर्धा. मौद्याची मात्र बरोबर साडेसहाला पोचली. "मॅडम, साडे म्हणजे हाफ अन् सहा म्हणजे सिक्स. याच्यात चुकायचं काय हाय?" खरंच की. आम्ही पुस्तकातून 'हाफ पास्ट सिक्स' घोकलं होतं, हे 'हाफ सिक्स' मी कधी शिकवलंच नव्हतं. सव्वा, साडे, पावणे असणाऱ्या भाषेतल्या माणसाला इंग्रजी घड्याळ शिकवायला मी पूर्वी आठ दिवस घालवायची, ते आता एका संध्याकाळीत होतं.

कॅनडाचा मामला वेगळा. आमच्या क्लासमधले काटोलवाले काका-काकू, संत्र्याचा बगीचा भावाकडे सोपवून मुलाकडे ब्रॅम्प्टनला गेले. आधी दोन वर्षं सुपर व्हिसावर होते, म्हणजे कायद्यानं पाहुणेच. तिथं नवीन आलेल्यांसाठी सरकारी 'लिंक' वर्ग 1992 पासून आहेत, पैसे पडत नाहीत, पण ते कायम रहिवाशांसाठी. पाहुण्यांना नाही. तेव्हा काकू लायब्ररीतल्या गप्पांच्या मंडळात जाऊन बसायच्या. मग मुलानं कागद केले, पीआर आलं, म्हणजे कायम रहिवासी झाल्या, आणि काकू रीतसर वर्गात. आधी चाचणी घेऊन पातळी ठरवतात, एकूण पातळ्या बारा. काकूंनी मला जाडजूड बाइंडरचा फोटो पाठवला. केलेलं प्रत्येक काम त्यात लावायचं आणि शिक्षक त्यावरूनच प्रगती जोखायचे. 62 व्या वर्षी दप्तर मिळाल्याचा आनंद त्या फोटोत होता. काका दोन दिवस गेले, पातळी काकूंपेक्षा खालची निघाली, तिसऱ्या दिवसापासून गुडघे दुखायला लागले.

काकूंचीच आणखी एक गंमत. दुकानात गेल्या आणि सांबार मागितला. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, सांबारवडी त्याचीच. दुकानदार तमिळ, त्यानं मसाल्याचं पाकीट पुढं केलं. काकूंनी क्लासमधला शब्द आठवून 'कोरिअँडर' म्हटलं, तर त्यानं धने दिले. शेवटी बोट दाखवलं तेव्हा कळलं की तिथं हिरव्या पानांना 'सिलँट्रो' म्हणतात. मी हा शब्द वहीत लिहून घेतला. नव्या बॅचला कॅनडावाल्या असतील तर सिलँट्रो, ब्रिटनवाल्या असतील तर कोरिअँडर.

असं काही शिकवताना जरीपटक्यातली एक सिंधी आजी आठवते. शाळेतल्या माझ्या मैत्रिणीची आजी. फाळणीनंतर आली तेव्हा चाळिशीची, ना मराठी ना इथली हिंदी. तिला कुणी वर्ग लावला नव्हता. भाजीबाजारात शिकली, म्हणून तिच्या मराठीत सगळे भाव आणि मापं अचूक, आणि बाकीचं वाक्य सिंधी. आम्ही पोरी तिच्या बोलण्याची नक्कल करायचो. ती हसायची, आणि जाताना हातावर पापड ठेवायची.

या सोमवारी नवीन बाई आल्या. भिवापूरच्या, पन्नाशीच्या, मुलगी बर्मिंगहॅमला बाळंत होणार आहे, सहा महिन्यांसाठी जायचंय. प्रवासी व्हिसाला परीक्षा नसते, पण विमानतळावर कुणी काही विचारलं तर? दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, माझी तर मराठीच शुद्ध नाही, इंग्रजी कशी येईन?"

मी उमरेडवालीला कूलर बंद करायला सांगितला आणि त्यांना बसवलं. म्हटलं, आत्ता तुमच्या घरी कोण काय करून राहिलं, ते सांगा. जसं येते तसं.

त्यांनी जरा विचार केला. "सासू झोपून राहिली असन. हे टीव्ही पाहून राहिले. पोरगा मोबाइलमध्ये घुसून राहिला." मग पदरानं कपाळ पुसलं. "अन् मी इथं घामानं भिजून राहिली. लावा ना व तो कूलर!"

मी त्यांच्या हातात दोन रंगांचे खडू दिले.